पास चुकला नाही, उशिरा गेला

प्रिय ताई,

मी एकवीस वर्षांची आहे, एम.कॉम. करते आणि नववीपासून बास्केटबॉल खेळते. आमच्या ग्राउंडवर दर उन्हाळ्यात स्पर्धा असते. यंदा मुलींची फायनल तीन सामन्यांची ठेवली होती. पहिला आम्ही जिंकलो, दुसरा हरलो. तिसऱ्यात शेवटचे 11 सेकंद राहिले तेव्हा स्कोअर 52-53, आम्ही एकाने मागे. माझे तोवर 27 झाले होते. सरांनी टाइम-आउट घेतला आणि एवढंच म्हणाले, ‘बॉल हिच्याकडे द्या, बाकीच्या बाजूला व्हा.’ मी वर, रिंगपासून लांब, उभी राहून वेळ काढला आणि तीन सेकंद उरले तेव्हा उजवीकडून घुसले. दोघी अंगावर आल्या. डावीकडच्या कॉर्नरमध्ये माझी मैत्रीण एकदम मोकळी होती. मी पास दिला, तिने मारला, बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली पडला आणि बझर वाजला.

तेव्हापासून ग्रुपवर ‘स्टार ऐनवेळी घाबरली’ असं चाललंय. एका सीनियरने अमेरिकन स्टार कोबी ब्रायंटचं नाव काढून लिहिलं, ‘कोबीने असा पास दिला असता का?’ बाबा स्कूटरवर काही बोलले नाहीत, पण घरी आल्यावर म्हणाले, ‘दिव्या देशमुखने शेवटची चाल दुसऱ्या कोणाला खेळायला दिली होती का?’ सगळ्यात वाईट म्हणजे मैत्रीण सोळा दिवस झाले प्रॅक्टिसला आली नाही, फोनही उचलत नाही. तिने पूर्ण चौथ्या क्वार्टरमध्ये एकही शॉट घेतला नव्हता, आणि मी नेमका तोच तिच्या हातात दिला. ऑगस्टमध्ये हीच टीम पुन्हा समोर येणार आहे. पुढच्या वेळी मीच मारू का?

– बी., नागपूर

प्रिय बी.,

तुझं पत्र वाचताना तुमचं ग्राउंड मला दिसत होतं. मे महिन्यातलं आपलं नागपूर, संध्याकाळचे साडेसहा झाले तरी सिमेंट तव्यासारखं, आणि दोन क्वार्टरनंतर बोटांची पेरं बॉलच्या धुळीने काळी झालेली. अशा उन्हात 27 पॉइंट केलेल्या मुलीला ‘घाबरली’ म्हणणाऱ्यांनी आधी त्या कोर्टवर चपला काढून एक चक्कर मारून यावी.

आता मुद्द्याचं. तुझा पास बरोबर होता. दोघी तुझ्यावर आल्या म्हणजे त्यांच्या तिघी उरल्या आणि तुमच्या चौघी. एक कोणीतरी मोकळी असणारच होती, ती तुला दिसली, तू बॉल दिलास. एम.कॉम.वालीला हा हिशेब मी समजावून सांगायला नको. शॉट आत गेला असता तर हाच पास पुढची दहा वर्षं त्या ग्राउंडवर सांगितला गेला असता, आणि तू मला पत्र लिहिलं नसतंस.

घाबरलीस की नाही, हे ग्रुपवरच्या कोणालाच कळणार नाही. तुला कळेल. मैत्रीण तुला कधी दिसली ते आठवून बघ. घुसताना, दुसरी मुलगी तुझ्याकडे सरकते आहे हे जाणवलं त्याच क्षणी दिसली असेल तर तो खेळ होता. आणि आधी ‘हा बॉल माझ्याकडे नको’ असं वाटलं, मग कोणीतरी शोधावं म्हणून मान वळवली असेल, तर ती भीती. बाहेरून दोन्ही पास अगदी सारखे दिसतात. तू ‘एकदम मोकळी होती’ असं लिहिलं आहेस, म्हणून माझं मत पहिल्या बाजूला आहे.

तुझ्या त्या सीनियरला कोबीचं उत्तर द्यायचंच असेल तर एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, 2010 च्या फायनलचा सातवा सामना सांग. कोबीची टीम लेकर्स आणि बोस्टन सेल्टिक्स, मालिका 3-3. कोबी ब्रायंटने त्या रात्री 24 शॉट मारले आणि त्यातले फक्त 6 आत गेले. साधारण एक मिनिट उरलं असताना लेकर्सचा सगळ्यात महत्त्वाचा थ्री, म्हणजे लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट, कोणी मारला? रॉन आर्टेस्टने. त्याला पास कोणी दिला? कोबीने. लेकर्स 83-79 ने जिंकले. लोकांना कोबीचे मारलेले शॉट आठवतात, दिलेला हा पास आठवत नाही. लोकांच्या आठवणीवर आपण आपला खेळ बसवायचा नसतो.

पण माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर 1997 च्या फायनलमध्ये आहे. आमच्या वेळी हे सामने पाहायला मिळत नसत, पेपरच्या शेवटच्या पानावर दोन ओळी वाचायच्या. व्हिडिओ मी फार उशिरा पाहिला. शिकागो बुल्स विरुद्ध युटा जॅझ, सहावा सामना, 86-86, अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ उरलेला. टाइम-आउट झाला. मायकेल जॉर्डनचे त्या सामन्यात 39 पॉइंट आहेत, म्हणजे शेवटचा शॉट कोणाचा हे स्टेडियममधल्या पाणीवाल्यालाही माहीत. आणि त्या टाइम-आउटमध्ये, बेंचवर बसल्या बसल्या, जॉर्डन शेजारच्या स्टीव्ह केरला सांगतो की युटाचा स्टॉकटन तुला सोडून माझ्यावर येईल, तयार राहा. केर म्हणतो, मी तयार आहे. हे कॅमेऱ्यात आहे, शोधून बघ. पुढे तसंच झालं. स्टॉकटन आला, जॉर्डनने पास दिला, केरने साधारण 17 फुटांवरून मारला आणि पाच सेकंद राखून बुल्स पुढे गेले. शेवटी 90-86.

आता हे तुझ्या 11 सेकंदांशेजारी ठेव. जॉर्डनचा पास त्या टाइम-आउटमध्येच ठरला होता, कोर्टवर तो फक्त पोचवायचा होता. तुझा पास कोर्टवर जन्माला आला, तोही शेवटच्या दीड सेकंदात. म्हणून मी म्हणते की पास चुकला नाही, उशिरा गेला. आणि तो दोन घड्याळांवर उशिरा गेला.

पहिलं घड्याळ बोर्डावरचं. स्कोअर बरोबरीत असेल तर वेळ खाऊन शेवटच्या क्षणी मारणं योग्य, कारण चुकलं तरी तुमचा तोटा नाही, फार तर ओव्हरटाइम, म्हणजे जादा वेळ. पण तुम्ही मागे होता. मागे असताना शेवटचा शॉट शेवटच्या सेकंदाला मारायचा नसतो, त्याच्यामागे आणखी एका शॉटला जागा ठेवायची असते. 11 सेकंद होते, तू सात-आठला निघायला हवं होतंस. मग पास चारला गेला असता, शॉट तीनला, आणि चुकला असता तर रिंगखाली तुमच्या उंच मुलीला हात मारायला दोन सेकंद मिळाले असते. हो, आत गेला असता तर समोरच्यांनाही तीन सेकंद मिळाले असते. तो धोका पत्करायचा. हरत असताना समोरच्यांना वेळ मिळू नये म्हणून थांबून राहण्यात काय अर्थ?

चुकलेल्या शॉटच्या पोटात किती जीव असतो ते बघ. 2013 ची फायनल, सहावा सामना, मायामी हीट तीनने मागे. लेब्रॉन जेम्सने थ्री मारला तो चुकला. स्टार चुकला, खेळ खलास असं वाटेल. पण वेळ शिल्लक होता, म्हणून ख्रिस बॉशला रिबाउंड, म्हणजे चुकून परत आलेला बॉल, घेता आला, म्हणून त्याला कॉर्नरकडे मागे मागे धावणाऱ्या रे ॲलनला पास देता आला. 5.2 सेकंद उरले असताना 95-95. पुढे ओव्हरटाइममध्ये मायामी जिंकली आणि नंतर सातवा सामनाही. मुलींचं उदाहरण हवं तर अमेरिकेतल्या महिलांच्या लीगची, डब्ल्यूएनबीएची, 2016 ची फायनल घे, पाचवा आणि निर्णायक सामना. लॉस एंजेलिस स्पार्क्स तुमच्यासारखीच एकाने मागे होती. नेका ओगुमिकेने चुकलेल्या शॉटचा रिबाउंड घेऊन 3.1 सेकंद उरले असताना बास्केट केला आणि 77-76 ने ट्रॉफी नेली. तुमच्याकडे हा दुसरा बॉल नव्हताच. तो मैत्रिणीने घालवला नाही, तू वर उभी राहून खाल्लेल्या आठ सेकंदांत गेला. आमचे सर अशा वेळी साइडलाइनवरून ओरडायचे, ‘काहून वं पोट्टी, घड्याळ घरी ठेवून आली का?’ तेव्हा राग यायचा. आज तुला लिहिताना तेच वाक्य तोंडात येतंय.

दुसरं घड्याळ बोर्डावर नसतं. तू ते पत्रात ओझरतं लिहून गेलीस, पण मला सगळ्यात जड तीच ओळ वाटली: तिने पूर्ण चौथ्या क्वार्टरमध्ये एकही शॉट घेतला नव्हता. दहा मिनिटांचा क्वार्टर, फाउल, फ्री थ्रो, टाइम-आउट धरून प्रत्यक्षात वीस-पंचवीस मिनिटं. तेवढा वेळ ती मुलगी कॉर्नरमध्ये जाऊन उभी राहायची आणि डिफेन्सला परत यायची. बॉल तुझ्याकडे, नजर तुझ्याकडे. आणि मग अचानक अख्खी मालिका तिच्या तळहातावर. बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागला असं तू लिहिलंस ना? बॉल आखूड पडला. पाय गोठलेले असले की शॉट आखूड पडतो, हे कोणत्याही जुन्या खेळाडूला विचार. तिचा हात खराब नव्हता, तिचे गुडघे थंड पडले होते.

आणखी एक बारीक गोष्ट. ती थ्रीच्या रेषेबाहेर उभी होती, असणारच, कारण रोज तिथेच उभी असते. पण तुम्हाला तीन नको होते, दोनच पुरेसे होते. एक मोठं पाऊल आत घेतलं असतं तरी चाललं असतं. केर थ्रीसाठीच ओळखला जायचा, पण त्याचा तो शॉट दोनचा होता. हे तिला कोणी सांगायचं? टाइम-आउटमध्ये सांगायचं, आणि टाइम-आउटमध्ये सरांनी एकच वाक्य वापरलं. सरांबद्दल मी वाईट बोलणार नाही, मीही मुलींना शिकवते, त्या एका मिनिटात आपलं डोकं कसं रिकामं होतं ते मला माहीत आहे. पण ‘बाकीच्या बाजूला व्हा’ हे वाक्य त्या चौघींनी अक्षरशः ऐकलं आणि मनानेही त्या बाजूला झाल्या. तू कॅप्टन असशील-नसशील, बॉल तुझ्याकडे होता. ‘दुसरी माझ्यावर आली तर बॉल तुला, एक पाऊल आत ये’ एवढं तू सांगू शकत होतीस. चार सेकंद लागतात.

तू जे लिहिलंच नाहीस तेही विचारते: त्या क्वार्टरमध्ये समोरच्या टीमचे फाउल किती झाले होते? चार झाले असतील तर पुढच्या प्रत्येक फाउलवर तुला दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता मारायचे एकेका पॉइंटचे शॉट. मग अंगावर येणाऱ्या दोघींपैकी एकीला धडकून वर जाणं हाही चांगला पर्याय होता, आणि तिथे ‘मीच मारायला हवा होता’ म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. टाइम-आउटला बसलं की स्कोअर, वेळ आणि त्यांचे फाउल, हे तिन्ही आकडे तुला पाठ हवेत. ऑगस्टपर्यंत ही सवय लाव.

माझा एक जुना पापाचा हिशेब सांगते. विद्यापीठाच्या टीममध्ये असताना अशाच एका सामन्यात मी पास दिला नव्हता. दोघी अंगावर होत्या, डावीकडून टाळ्या ऐकू येत होत्या, कोणाच्या ते मला पक्कं माहीत होतं. तरी मी मारला. बॉल बोर्डाच्या कडेला लागून थेट प्रेक्षकांत. मला कोणी काही बोललं नाही, उलट ‘हिंमत केली’ म्हणून पाठ थोपटली. टाळ्या वाजवणारी मैत्रीणही गप्प राहिली. जवळजवळ तीस वर्षांनी तिच्या मुलीच्या लग्नात, पंगतीत माझ्या पानात पुरणपोळी वाढताना ती खाली वाकून म्हणाली, ‘मी मोकळी होते गं त्या दिवशी.’ आणि पुढच्या पानाकडे गेली. म्हणून सांगते, चुकीचा निर्णय घेऊन शाबासकी मिळते आणि बरोबर निर्णय घेऊन शिव्या मिळतात, हे दोन्ही होतं. निकालावरून निर्णय तपासायचा नाही.

बाबांकडे वळू. दिव्या देशमुख आपल्या नागपूरची, 2025 मध्ये बटुमीला तिने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा बुद्धिबळ वर्ल्ड कप जिंकला, तेव्हापासून या शहरातल्या प्रत्येक मुलीला घरी तिचं नाव ऐकावं लागतंय, माझ्या भाचीला तर गणितात कमी मार्क पडले तरी. बाबांना सांग, बुद्धिबळात सोळा मोहरी एकाच डोक्याने चालतात. आमच्याकडे पाच डोकी असतात आणि प्रत्येकीला बॉल न मिळाल्याचं वाईट वाटतं. वजिरावर हल्ला झाला म्हणून कॉर्नरमधलं प्यादं रुसून घरी बसत नाही. पण हे वाद घालण्यासाठी सांगू नकोस. ते स्कूटरवर गप्प बसले यावरून कळतं की त्यांना तुझ्यापेक्षा जास्त लागलंय. जमलं तर एका सकाळी त्यांना प्रॅक्टिसला ने आणि रिबाउंडला उभं कर. येताना तर्री पोहे खाऊन या. निम्मं प्रकरण तिथेच मिटेल.

आता मैत्रीण. तिची माफी मागू नकोस. ‘सॉरी, मी तुला पास द्यायला नको होता’ हे तिच्या कानाला ‘तुझ्या हातात बॉल देणं ही चूक होती’ असंच ऐकू येईल. आणि ‘होतं गं, चालतं’ हेही म्हणू नकोस, तिला ते चालत नाहीये म्हणून तर ती सोळा दिवस घरी आहे. तिला खरी गोष्ट सांग. सांग की पास उशिरा दिला ही माझी चूक. पूर्ण क्वार्टर तुला बॉल दाखवला नाही ही माझी चूक. आणि शेवटी तुलाच दिला, तो मात्र बरोबर होता, परत देईन.

मोठ्या खेळाडूंचं असं रोजचं असतं हेही तिच्या कानावर घाल. 2024 ची डब्ल्यूएनबीए फायनल, न्यूयॉर्क लिबर्टी आणि मिनेसोटा लिंक्स, पाच सामन्यांची मालिका. पहिल्या सामन्यात 0.8 सेकंद उरलेले असताना ब्रिआना स्टुअर्टला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला आत, बरोबरी. दुसरा आत गेला असता तर लिबर्टी जवळपास जिंकलीच होती. तो चुकला. ओव्हरटाइमच्या शेवटी तिचा जवळून मारलेला शॉटही चुकला आणि लिबर्टी हरली. तिसऱ्या सामन्यात सॅब्रिना आयोनेस्कूने 28 फुटांवरून, एक सेकंद उरला असताना थ्री मारून सामना जिंकला. तीच सॅब्रिना पाचव्या सामन्यात 19 शॉट मारून फक्त एक आत टाकू शकली. एकोणिसात एक! आणि त्याच सामन्यात 5.2 सेकंद राहिले असताना पुन्हा दोन फ्री थ्रो कोणाला मिळाले, तर स्टुअर्टला. या वेळी दोन्ही आत. ओव्हरटाइम, लिबर्टी 67-62, ट्रॉफी. तुझ्या मैत्रिणीने एक शॉट चुकवला आहे. स्टुअर्टने दोन आठवड्यांच्या आत पुन्हा त्याच रेषेवर पाय ठेवला, तीही घरी बसून राहिली असती तर ठेवता आला नसता.

तुझा शेवटचा प्रश्न, पुढच्या वेळी मीच मारू का. आधीपासून ठरवून टाकलंस तर त्यांचं काम सोपं होईल. तू पास देतेस हे आता त्यांना माहीत झालंय, त्याचा फायदा घे. 1998 ला पुन्हा तेच बुल्स, तीच युटा, पुन्हा सहावा सामना. या वेळी जॉर्डनने युटाच्या मलोनच्या हातातून बॉल काढून घेतला आणि पास दिलाच नाही. त्याला अडवणाऱ्या ब्रायन रसेलच्या डोक्यावरून मारला, 5.2 सेकंद, 87-86. पण केरही कोर्टवर होता, आणि स्टॉकटन त्याच्याजवळच थांबला. आदल्या वर्षीचा धडा तो विसरला नव्हता. दुसरा माणूस आलाच नाही, म्हणून जॉर्डनला एकट्याशी खेळता आलं. ऑगस्टमध्ये तुझ्यावर दुसरी धावून आली नाही, तर बिनधास्त मार. आली, तर कॉर्नर. पण त्या कॉर्नरवालीला समोरच्यांनी घाबरायला हवं, आणि त्यासाठी पहिल्याच क्वार्टरमध्ये तिला तिथून दोन-तीन शॉट मिळायला हवेत. आत जावोत न जावोत. समोरच्यांच्या डोळ्यांत तो कॉर्नर भरला पाहिजे, आणि तिचे गुडघे गरम राहिले पाहिजेत.

फोन करणं बंद कर. उद्या तिच्या घरी जा, सकाळी साडेपाचला, बॉल घेऊन. आईने दार उघडलं तर चहा पी, घाई करू नकोस. ग्राउंडवर गेलात की उजवीकडून तू घुस आणि डावीकडे पास दे, ती एक पाऊल आत येऊन मारेल. पन्नास वेळा. मोजायचं काम तिला दे. आणि शॉट आखूड पडला की तू काही बोलू नकोस, तिला आपोआप कळेल.

– ताई